श्वासाची जागा

डॉक्टरांनी दादाचा एक्स-रे खिडकीकडे धरला, थोडा वेळ पाहिला आणि बोलायला लागले ते माझ्याशी. दादा शेजारीच बसला होता. नाकात नळी, पायाशी सिलिंडर आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. फुफ्फुसं वाईट आहेत, डॉक्टर म्हणाले, पण याहून वाईट फुफ्फुसं घेऊन लोक बाजारहाट करतात. या माणसाने पडून राहायचं ठरवलंय. असाच पडून राहिला तर सहा महिने, फार तर आठ. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि औषधाच्या जागी लिहिलं: बुधवार, सकाळी दहा, तळमजला, गाणं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, डॉक्टर, माझा भाऊ मरायला टेकलाय आणि तुम्ही त्याला गाणं लिहून देताय, पुढच्या वेळी नाच लिहून द्याल. ते रागावले नाहीत. गाताना माणूस लांब श्वास सोडतो, त्यामुळे नकळत खोल श्वास घेतो, आणि मुख्य म्हणजे घराबाहेर पडतो, एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर आल्यावर दादाने एकच गोष्ट विचारली. "तिथे कोण कोण असतं?"

तो का विचारतोय ते मला माहीत होतं. दादा दगड कापायच्या शेडचा मुकादम होता, बावीस वर्षं. मोठाले दगड आत यायचे, पात्यांखाली चिरले जायचे आणि लाद्या होऊन बाहेर पडायचे. पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ जागच्या जागी बसते. पण पाण्याने खाली चिखल होतो, चिखल उपसायला पातं थांबवावं लागतं आणि पाळीला लाद्या कमी निघतात. शेवटची सात वर्षं ती धार बंद होती. नळ कोणी बंद केला हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकाही माणसाने ते कधी उघड म्हटलं नाही. ती पांढरी भुकटी सगळ्यांनी खाल्ली. दादानेही खाल्ली. नऊ माणसं गेली, एकेक करत. नववा माझा नवरा.

हे मी आधीच सांगून टाकते. आडपडदा ठेवून गोष्ट सांगणं मला जमत नाही. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी वहिनी गेली. दादाला मूलबाळ नाही, मलाही नाही. तेव्हा मी माझं शिलाई मशीन उचललं आणि त्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. लोकांनी तोंडात बोटं घातली. ज्याने तुझा संसार मोडला त्याच्या उशाशी बसतेस, असं माझ्या नणंदेने मला तोंडावर विचारलं. मी म्हटलं, भाऊ आहे माझा. याच्यापुढे मला काही सांगता आलं नाही, आणि खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्याला वाढलं, त्याची नळी धुतली, दुकानातून येणाऱ्या शर्टांना रात्रंदिवस काजं केली, बटणं लावली, आणि त्या नळाचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे आम्ही समोरासमोर जेवायचो. कधी कधी त्याच्या घशाशी खोकला अडकायचा तेव्हा मी धावत जायचे, पाठ चोळायचे, आणि चोळता चोळता मनात यायचं, भोग आता. असं मनात आल्यावर मला रडू यायचं. तो जायला मला नको होता. तो मेला तर माझं म्हणावं असं कोणी उरत नव्हतं.

म्हणून पुढच्या बुधवारी मी त्याला बळंच उठवलं. त्याने पाय दुखतात सांगितलं, मग डोकं दुखतं सांगितलं, मग सिलिंडर अर्धाच आहे म्हणाला. मी म्हटलं, अर्ध्यात परत येऊ. शेवटी मीही जेवणार नाही असं सांगितल्यावर तो शर्ट घालायला उठला. एवढी घोडी झाल्यावर भावाशी असा रुसवा करायला लाज वाटते, पण उपयोग होतो.

तळमजल्यावर पूर्वी पेशंट बसायचे ती लांब खोली होती. कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर डोळे तपासायची लहान होत जाणारी अक्षरं, मधे गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पंधरा-सोळा माणसं. एक बेकरीवाला, जन्मभर पीठ चाळून छाती भरलेला. एक निवृत्त शिक्षिका, दोन बसचालक. आणि दादाच्या शेडमधले सहाजण. आम्ही दारात उभे राहिलो आणि त्या सहाजणांचं बोलणं तिथल्या तिथे थांबलं. कोणी उठलं नाही, कोणी तोंडही फिरवलं नाही. सगळे दादाच्या सिलिंडरकडे बघत राहिले.

गाणं घेणारी फिजिओबाई तरुण होती, नवी होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिने दादाच्या हातात तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं आणि श्वास ओढायला सांगितलं. श्वासाने आतली एक गोळी कशीबशी वर गेली आणि पडली. तिने वहीत लिहिलं, वही खालीवर पाहिली आणि म्हणाली, तुमची जोडी यांच्याशी. यांचीही एकच गोळी.

तो पहिलवान होता. एके काळी दोन माणसांची लादी एकटा उचलायचा म्हणून शेडने त्याला ते नाव दिलं होतं. आता शर्ट खुंटीला टांगावा तसा त्याच्या अंगावर लोंबत होता. त्याचा धाकटा भाऊ नऊतला पाचवा. मी जागेवरून अर्धी उठले, बाईंना काहीतरी सांगायला, पण काय सांगणार? दादा पहिलवानाच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

तिथली गायची पद्धत मी अशी कुठे पाहिली नव्हती. त्यातल्या एकालाही एक सूर दहा अंकांपर्यंत धरता येत नव्हता. म्हणून बाईंनी जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाने श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्याने गायचं, आणि दुसऱ्याने घ्यायचा तेव्हा पहिल्याने. कोणी कुठल्या शब्दावर थांबायचं ते जोडीने आपसात ठरवायचं. त्याला ते श्वासाची जागा म्हणायचे. जागा चुकू नये म्हणून एक हात जोडीदाराच्या पाठीवर ठेवायचा. पाठ फुगली की समजायचं, आता सूर आपल्याकडे. असं केलं की पंधरा मोडक्या छात्यांचा मिळून एक सूर निघायचा आणि तो मिनिटभर तुटायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, एकच कोणीतरी धडधाकट माणूस गातोय.

पहिल्या दिवशी पहिलवानाने हात उचलला आणि दादाच्या पाठीपासून वीतभर दूर हवेतच धरला. बाईंनी येऊन तो टेकवला. मला वाटतं, इतक्या वर्षांत माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हात दादाच्या पाठीला लागला नव्हता. तो दचकला. गाणं म्हणाल तर साधंच होतं, रेडिओने रचलेलं, दवाखान्याच्या कॅन्टीनमधल्या चहावर. रेडिओ म्हणजे शेडमधला सगळ्यांत बडबड्या. आता तीन शब्दांनंतर त्याला थांबावं लागायचं आणि थांबला की तो स्वतःच म्हणायचा, बॅटरी उतरली. चहा इतका पातळ की कपाचा तळ दिसतो आणि तळाला कॅन्टीनवाल्याचा चेहरा, असं काहीतरी त्या गाण्यात होतं. दादाने फक्त ओठ हलवले.

पण पुढच्या बुधवारी शर्ट त्याने स्वतः घातला.

मला कळेना. त्या सहाजणांपैकी कोणीही त्याच्याशी कामापलीकडे बोलत नव्हतं. चहाच्या सुट्टीत सगळे एका बाजूला, हा एका बाजूला. तरी तो जायचा. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून ताटातलं पूर्ण संपवायला लागला. एकदा मी काजं करताना पाहिलं, तो खिडकीशी बसून टेबलावर बोट फिरवत आपल्या श्वासाच्या जागा पाठ करत होता. दोन गोळ्या वर जायला लागल्या. मी आनंदाने कोणाला सांगायला जाणार, तर माझ्या नणंदेशिवाय माझ्याशी बोलणारं होतं कोण.

त्या मंडळींची आणखी एक रीत होती. रोज सकाळी सात वाजता प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला फोन करायचा. फोन उचलला नाही तर कोणीतरी घरी जाऊन बघायचं. एकदा बेकरीवाल्याने उचलला नाही, तर तो न्हाणीघरात पडलेला सापडला, आणि वेळेवर सापडला म्हणून वाचला. एरवी हसत खेळत चालायचे ते फोन, दहा दहा मिनिटं. आमच्याकडे सात वाजता वाजायचा तेव्हा पलीकडून पहिलवान विचारायचा, "आहात?" दादा म्हणायचा, "आहे." आणि फोन बंद. शेडमध्ये हजेरी घेतानाही याहून जास्त बोलत असतील.

तिसऱ्या महिन्यात तो प्रसंग घडला. बाईंचा घसा बसला होता. त्यांनी बसक्या आवाजातच सांगितलं की आज ठेका मुकादमांनी द्यावा, त्यांचं मोजणं पक्कं आहे. दादाला कोणी आपणहून काही सांगावं याची सवय राहिली नव्हती. तो चक्क खुलला. खिशातून सिलिंडरचा पाना काढला, सगळे तयार आहेत ना असं पाहिलं आणि सिलिंडरवर दोन ठोके मारले.

गाणं सुरू झालंच नाही. शिक्षिका आणि बसचालक दोन शब्द पुढे गेले आणि गोंधळून थांबले. सहाही जण मान डावीकडे वळवून, तोंड मिटून, श्वास धरून बसले होते. पहिलवान, रेडिओ, सगळे. एकाच वेळी, एकाच बाजूला.

मला क्षणभरही लागला नाही ओळखायला. घरी कधी माझ्या हातून डाव पातेल्यावर दोनदा आपटला तर माझा नवरा असाच मान वळवून श्वास धरायचा, मग स्वतःच हसायचा आणि जेवायला लागायचा. पातं सुरू होतं तेव्हा धुळीचा पहिला लोट सगळ्यांत दाट असतो. तो सुटायच्या आधी दादा लोखंडी पाइपवर पान्याने दोन ठोके द्यायचा. ठोके ऐकले की तोंड फिरवायचं आणि दहा मोजेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. पाण्याची धार होती तोवर ठोक्यांची गरज नव्हती. नळ बंद झाला त्या दिवसापासून ठोके सुरू झाले.

मी मनात मोजत होते, आणि दादाही मोजत असणार. दहाच्या आधीच रेडिओला खोकला फुटला, मग दुसऱ्याला, मग सगळ्यांनाच. आता दहापर्यंत पुरेल एवढा श्वास कोणाकडेच नव्हता. बाई घाबरून प्रत्येकापाशी धावत होत्या. बसलेल्या आवाजात त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, श्वास घ्यायचा होता, तुम्ही धरलात का? पहिलवानाने दादाच्या पाठीवरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. दादाने पाना खिशात टाकला आणि सिलिंडरची गाडी ओढत दाराकडे निघाला. भरभर चालणं त्याला शक्य नव्हतं. ती खोली पार करायला त्याला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे बघत होते.

त्यानंतर तो अंथरुणाला खिळला. दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला, त्याने उचलला नाही. मी उचलला आणि म्हटलं, "आहे." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. हे रोज चाललं. दादाने आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग दुपारचं. चौथ्या दिवशी मी वाढलेलं ताट तसंच परत नेताना मला आवरलं नाही. ताट मी मोरीत असं आदळलं की शेजारीण दार उघडून बघून गेली.

मी त्याच्या खाटेपाशी गेले आणि म्हटलं, "मरायचंय तर तसं सांग. मला फुकट राबवू नकोस."

तो छताकडे बघत होता. तसाच म्हणाला, "ठोके मी का सुरू केले, तुला माहीत नाही."

"माहीत आहे. पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं माझ्या नवऱ्याने घरी येऊन. नळ बंद केलाय आणि आता ठोके देणार आहे, म्हणाला. वर म्हणाला, तुझा भाऊ तरी आम्हाला आधी सांगतो, दुसरा असता तर तेही केलं नसतं."

दादाचा चेहरा मला बघवला नाही. चार वर्षं त्याला वाटत होतं की मला लोकांकडून उडत उडत कळलं असेल. त्याने विचारलं, "मग तू इथे राहिलीस कशी?"

"मला नको विचारूस. मला उत्तर सापडलं असतं तर मी कधीच निघून गेले असते." मग मी जे बोलले ते ठरवून बोलले नव्हते. "आणि मला सांगून तू सुटणार नाहीस, दादा. ज्यांनी श्वास धरले त्यांना सांग."

तो कूस बदलून भिंतीकडे वळला. मी रात्री दिवा मोठा करून शर्ट घेऊन बसले आणि बारा शर्टांची काजं उलट्या बाजूला केली. सकाळी सगळी उसवत बसले.

मंगळवारी सकाळी फोन आला नाही. सव्वासात झाले, साडेसात झाले. दादा उशीवर मान वळवून फोनकडे बघत होता. मला चिंता वाटायला लागली आणि मी चप्पल शोधत होते तेवढ्यात जिन्यात कोणीतरी चढत असल्याचं ऐकू आलं. आमच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. ते माणूस तीन पायऱ्या चढायचं, थांबायचं, धापा टाकायचं, पुन्हा तीन. मी दारातून वाकून पाहिलं तर पहिलवान. मी खाली जाऊन धरते म्हटलं तर त्याने हात नाही म्हणून हलवला.

वर येऊन तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही. पाणी दिलं, ते मात्र घेतलं. बोलण्याइतका दम यायला त्याला वेळ लागला आणि तोवर दादा उशीला टेकून उठून बसला होता.

"उद्या या," पहिलवान म्हणाला.

दादाने नाकातली नळी नीट बसवली.

"माफ करायला आलो नाही, मुकादम. ते माझ्याच्याने होणार नाही. धाकट्याच्या मागे आई अजून जिवंत आहे." त्याने थांबून श्वास घेतला. "पण जोडीदार नाही म्हणून माझा सूर तुटतो. तुम्ही गेलात त्या दिवशी बाईंनी दुसरा दिला होता. त्याच्या जागा मला कळत नाहीत. तुमच्या कळतात."

तो जायला वळला. दादाने विचारलं, "फोन का नाही केलास?"

"फोनवर ती म्हणते, 'आहे'. तुम्ही म्हणत नाही."

उतरताना त्याने माझा हात धरून घेतला. सबंध जिना मी एक शब्द बोलले नाही. बोलायला गेले असते तर रडलेच असते, आणि त्याला तेवढ्यासाठी थांबायला लावणं बरं दिसलं नसतं.

बुधवारी आम्ही गेलो. दादा आपल्या खुर्चीवर बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. बाईंनी बसा म्हटलं तर त्याने मान हलवली. मी दाराजवळच्या बाकावर बसले होते, नेहमी बसते तिथे, सोबतचे लोक बसतात तिथे.

"नळ मी बंद केला," तो म्हणाला. आवाज एवढा लहान की मागच्या बसचालकाने पुढे वाकून ऐकलं. "मालकाने सांगितलं नव्हतं. त्याला माहीतही नव्हतं. पाळीला चार लाद्या जास्त निघायच्या. माझी शेड पहिली यायची." थांबला, नळीतून ओढून घेतलं. "धूळ काय करते ते मला माहीत होतं. म्हणून ठोके सुरू केले."

फिजिओबाईंना आता कुठे समजलं असावं. त्यांनी हातातली वही मिटली.

मग दादाने नावं घ्यायला सुरुवात केली. नऊजणांची, गेले त्या क्रमाने, आडनावासकट, बावीस वर्षं रोज सकाळी हाक मारायचा तशीच, त्याच सुरात. मला वाटलं होतं तो विसरला असेल. पहिलं, दुसरं, तिसरं नाव. चौथं नाव अर्ध्यावर आलं आणि त्याचा श्वास संपला. ते त्याने कसंबसं पूर्ण केलं आणि तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला. छाती वरखाली होत होती आणि आत काही जात नव्हतं. मी बाकावरून उठले.

पहिलवानाने बसल्या बसल्या हात वर केला आणि दादाच्या पाठीवर ठेवला. पाचवं नाव त्याने घेतलं. स्वतःच्या भावाचं. ते घेताना त्याचा आवाज हलला नाही. सहावं रेडिओने घेतलं, आणि त्याची बॅटरी उतरली नाही. तेवढ्यात दादाच्या पाठीत श्वास भरला असणार, पहिलवानाने हाताने त्याला जरासं पुढे केलं आणि सातवं, आठवं दादाने घेतलं.

नववं राहिलं.

दादाने श्वास घेतला. मी समोरून पाहत होते, त्याचे खांदे वर गेलेले मला दिसले. श्वास होता त्याच्याकडे. पण तो माझ्याकडे बघत राहिला आणि नाव त्याच्याच्याने घेववेना. मी वाट पाहिली की पहिलवान घेईल, रेडिओ घेईल. माझ्या नवऱ्याबरोबर त्या सगळ्यांनी एका डब्यात खाल्लं होतं. कोणीही घेतलं नाही. सगळे माझ्याकडे वळून बसले होते आणि वाट पाहत होते. तिथे बारा आठवडे बसून मीही ती पद्धत शिकलेच होते. कोणाची जागा आहे हे मला न सांगताच कळलं.

मी नाव घेतलं. पूर्ण नाव, मोठ्याने. चार वर्षांत त्या घरात, त्या माणसासमोर, मी ते एकदाही घेतलं नव्हतं.

दादा खाली बसला आणि रडायला लागला. रडताना श्वास लागतो, तो त्याला पुरेना. पहिलवानाचा हात होताच. मी जाऊन दादाच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची ओढली. बेकरीवाला तिथे बसायचा, तो न बोलता पलीकडे सरकला. मी दादाला माफ केलं होतं का, तर नाही. आजही मला तसं छातीठोक सांगता येत नाही. पण मी माझा हात त्याच्या पाठीवर, पहिलवानाच्या हाताच्या खाली ठेवला. एकेक बरगडी हाताला लागत होती.

बाईंनी ठेका दिला नाही. रेडिओनेच सूर लावला, शब्दांशिवाय, आणि एकेक जण त्यात येत गेला. दादाची पाठ आत गेली, थांबली आणि मग सावकाश फुगायला लागली. त्याला श्वास घ्यायला वेळ लागत होता. पहिलवानाचा दम तोवर संपत आला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात कधी गायले नव्हते. दादाचा श्वास पुरा आत येईपर्यंत सूर मी धरला.